डबा झिजतो की मार्ग बदलतो?

जपानच्या करविषयक नियमांत विजेवर चालणाऱ्या रेल्वे डब्याचं आयुष्य १३ वर्षं धरलं जातं. तेवढ्या काळात हिशेबाच्या वहीत त्या डब्याची किंमत जवळजवळ शून्यावर येते. टोक्योच्या चियोदा लाइनवर धावलेल्या ६००० मालिकेच्या गाड्यांनी ही मर्यादा कुठल्या कुठे मागे टाकली. या मालिकेचे पहिले प्रायोगिक डबे १९६८ साली तयार झाले. १९७१ पासून ती भुयारी मार्गावरची नेहमीची गाडी झाली, १९९० पर्यंत तिचे नवे डबे कारखान्यातून येत राहिले आणि एकूण संख्या ३५३ वर गेली. चियोदा लाइनवरून तिने निरोप घेतला तो नोव्हेंबर २०१८ मध्ये. तोवर तिचे कितीतरी डबे इंडोनेशियात पोचून जकार्ताच्या उपनगरी मार्गांवर सकाळ-संध्याकाळ खच्चून भरून धावत होते. मग या गाडीचं आयुष्य किती म्हणायचं? १३ वर्षं, ४७ वर्षं, की त्याहूनही अधिक? जपानी वस्तू टिकाऊच असतात, असं म्हणून हा प्रश्न मिटवता येत नाही, कारण तेवढ्याच टिकाऊ बांधणीच्या दुसऱ्या जपानी गाड्या त्याच शहरात पंचवीस-तीस वर्षांत बाद झालेल्या आहेत. माझं म्हणणं असं की, भुयारी रेल्वेच्या गाडीचं आयुष्य मुख्यतः तिच्या भोवतालावर ठरतं. बोगद्यातली हवा, फलाटावरचे दरवाजे, तारेतला विजेचा दाब, त्याच रुळांवर येणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या गाड्या, हे सगळं त्या भोवतालात आलं. हा भोवताल बदलला की धडधाकट गाडीही बाद होते. आणि तसाच भोवताल दुसरीकडे कुठे शाबूत असला, तर बाद ठरलेली गाडी तिथे पुन्हा कामाला लागते.

यावर पहिला आक्षेप धातूच्या बाजूने येतो. रोज हजारो माणसांचं वजन पेलणारा, दर दोन मिनिटांनी थांबून पुन्हा वेग घेणारा डबा झिजणारच. बोगीच्या चौकटीला तडे जाणार, चाकं घासणार, विजेच्या तारांचं आवरण कडक होऊन तुटणार. हे सगळं खरं आहे. पण रेल्वेचा डबा ही एकसंध वस्तू नाही. ६००० मालिकेचा सांगाडा ॲल्युमिनियमचा होता. त्याला पोलादासारखा गंज चढत नाही. त्या सांगाड्याखाली आणि आत जे काही होतं, ते जवळजवळ सगळंच बदलता येण्याजोगं होतं. टोक्योत अशा गाडीची तपासणी दर काही दिवसांनी होते, मग तीन महिन्यांनी अधिक बारकाईने होते. चार वर्षांनी किंवा सहा लाख किलोमीटर झाल्यावर बोगी, मोटर आणि ब्रेक खोलले जातात आणि आठ वर्षांच्या आत अख्खी गाडी उलगडून पुन्हा जोडली जाते. चियोदा लाइनची ही कामं आयासे इथल्या कारखान्यात चालतात. चाळीस वर्षांच्या गाडीची मोठी दुरुस्ती अशी चार-पाच वेळा झालेली असते. प्रत्येक वेळी कारागिराच्या हाताखालून बोगीचा प्रत्येक जोड जातो. तडा आढळला तर तो भाग बाजूला काढला जातो. झीज ही अशी मोजत राहण्याची, वेळच्या वेळी भरून काढण्याची बाब आहे. तिच्यामुळे खर्च वाढतो, आणि एका मर्यादेनंतर तो परवडेनासा होतो. पण ती मर्यादा कुठे आखायची हे धातू एकटा सांगत नाही. मालिकेतले अगदी पहिले तीन प्रायोगिक डबेच याची साक्ष देतात. प्रयोगासाठी बांधलेले हे डबे पुढे आयासे ते किता-आयासे या एका स्थानकाच्या छोट्या फाट्यावर नेमले गेले आणि तिथे २०१४ पर्यंत धावले. ज्यांच्यावर तंत्र नुसतं आजमावून पाहायचं होतं, ते पंचेचाळीस वर्षांहून अधिक टिकले. फाट्यावरचं काम हलकं होतं आणि तीन डब्यांची गाडी तिथे नेमकी बसत होती, म्हणून ते टिकले.

भोवताल म्हणजे काय, हे समजून घ्यायला बोगद्यातल्या उष्णतेपासून सुरुवात करावी लागते. जुन्या विजेच्या गाड्यांत मोटरला सुरुवातीला कमी दाब मिळावा म्हणून वाटेत मोठमोठे रोधक जोडलेले असत. गाडीने वेग घेतला की ते टप्प्याटप्प्याने वगळले जात. मधल्या काळात जी वीज मोटरपर्यंत पोचत नसे ती या रोधकांत तापून जाई. ब्रेक लावताना मोटरच जनित्रासारखी चाले आणि तिने तयार केलेली वीजही त्याच रोधकांत जिरवली जाई. उघड्यावर धावणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही उष्णता वाऱ्यावर निघून जाते. बोगद्यात ती साठते. भिंतीमागची माती वर्षानुवर्षं तापत जाते आणि उन्हाळ्यात फलाटावरच्या माणसाचा जीव नकोसा होतो. चियोदा लाइन १९६९ च्या डिसेंबरात सुरू झाली, तेव्हा टोक्योतल्या बहुतेक भुयारी मार्गांचा कारभार तेइतो रॅपिड ट्रान्झिट ऑथॉरिटीकडे होता. २००४ साली तीच संस्था टोक्यो मेट्रो झाली. त्याआधीच्या या संस्थेला लोक एइदान म्हणत. एइदानच्या अभियंत्यांनी नव्या मार्गासाठी वेगळी वाट धरली. ६००० मालिकेत रोधकांच्या जागी थायरिस्टर चॉपर आला. हा एक अर्धसंवाहक स्विच असतो. तो विजेचा प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो आणि चालू-बंदच्या प्रमाणानुसार मोटरला मिळणारा सरासरी दाब कमी-जास्त होतो. मधे जाळायला काही उरत नाही. शिवाय ब्रेक लावताना तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाते आणि त्याच वेळी जवळपास वेग घेणारी दुसरी गाडी ती वापरते. १९७० च्या सुमारास हे तंत्र महाग होतं, नवं होतं आणि मोठ्या संख्येने कुठे फारसं वापरलेलं नव्हतं. ते पत्करताना एइदानने नुसत्या विजेच्या बिलाचा विचार केला नव्हता; पुढची कितीतरी दशकं बोगदा किती तापेल, हाही विचार त्यात होता.

त्याच बोगद्यात शेजारी धावणाऱ्या दुसऱ्या गाडीशी तुलना केली की फरक लख्ख दिसतो. १९७१ पासून जपानच्या सरकारी रेल्वेच्या जोबान मार्गावरच्या गाड्या थेट चियोदा लाइनवर येऊ लागल्या, आणि सरकारी रेल्वेने त्यासाठी आपल्या जुन्या धाटणीच्या १०३ मालिकेची भुयारी आवृत्ती पाठवली. तिच्यात रोधकच होते. एकच मार्ग, तीच स्थानकं, तेच प्रवासी. पण एक गाडी बोगदा तापवत होती आणि वीजही जास्त खात होती. शेवटी १९८२ साली सरकारी रेल्वेला ॲल्युमिनियमची, चॉपरवर चालणारी २०३ मालिका आणावी लागली. १०३ मालिकेच्या त्या गाड्या तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या होत्या. त्यांत काही बिघाड नव्हता. उघड्या मार्गांवर त्या पुढेही चालत राहिल्या. भुयारासाठी मात्र त्या पहिल्या दिवसापासूनच चुकीच्या होत्या.

उष्णतेचा हा हिशेब पुढे वातानुकूलनापर्यंत जातो. डब्यात एसी बसवला की डबा थंड होतो, पण ती उष्णता बाहेर म्हणजे बोगद्यातच फेकली जाते. म्हणून एइदानने बरीच वर्षं डब्यांऐवजी स्थानकं आणि बोगदे थंड करण्याचा मार्ग पत्करला. खासगी कंपन्यांच्या एसी गाड्यांनाही बोगद्यात शिरताना एसी बंद करावा लागे. चॉपरच्या गाड्यांची संख्या वाढली, बोगद्यातली उष्णता घटली, तेव्हाच १९८८ मध्ये डब्यांत एसी बसवायला सुरुवात झाली. ६००० मालिकेत तो मागाहून बसवता आला. हिबिया लाइनच्या ३००० मालिकेचं नशीब निराळं होतं. १९६१ मध्ये त्या मार्गाबरोबरच आलेली ही रोधकांवर चालणारी गाडी. तिच्यात एसी बसवण्याऐवजी १९८८ पासून ०३ मालिकेच्या नव्या गाड्या आणल्या गेल्या आणि १९९४ पर्यंत ३००० मालिका हिबिया लाइनवरून संपली. तिचे काही डबे डोंगराळ नागानो प्रांतातल्या नागानो देन्तेत्सु या छोट्या खासगी रेल्वेने घेतले. रुळांमधलं अंतर तेच, १०६७ मिलिमीटर. तारेतला दाब तोच, १५०० व्होल्ट. नागानो शहरात या रेल्वेचा काही भाग १९८१ पासून जमिनीखालून जातो, त्यामुळे आगीला दाद न देणाऱ्या भुयारी धाटणीच्या डब्यांची तिथे गरजच होती. टोक्योच्या दमट उन्हाळ्यात असह्य ठरलेली गाडी नागानोच्या हवेत २०२३ च्या जानेवारीपर्यंत चालली. म्हणजे राजधानीत ती जेवढी वर्षं धावली, त्याच्या जवळपास तेवढीच वर्षं पुन्हा डोंगरात धावली.

आता दरवाजांचं बघू, कारण माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत टोक्योत सर्वांत जास्त गाड्या दरवाजांनी बाद केल्या आहेत. महानगर सरकारच्या तोएई भुयारी रेल्वेची मिता लाइन २००० साली फलाटावरच्या सरकत्या दरवाजांवर आणि एकाच कर्मचाऱ्याने चालवायच्या गाड्यांवर गेली. फलाटावरचा दरवाजा आणि डब्याचा दरवाजा नेमके समोरासमोर यायचे, तर गाडीला ठरलेल्या जागी आपोआप थांबता आलं पाहिजे आणि तिचं नियंत्रण स्थानकातल्या यंत्रणेशी जोडलेलं पाहिजे. मिता लाइनची जुनी मालिका (तिचाही क्रमांक ६०००च, हा योगायोग) या बदलात बसणारी नव्हती. काही डब्यांत एसी बसवून थोडीच वर्षं झाली होती, तरी १९९९ मध्ये सगळी मालिका निवृत्त झाली. हिबिया लाइनवरचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. ३००० मालिकेची जागा घेणाऱ्या ०३ मालिकेचे डबे १८ मीटर लांबीचे आणि प्रत्येक बाजूला तीन दारांचे होते. गर्दी आवरण्यासाठी काही गाड्यांच्या टोकाच्या डब्यांना पाच दारं दिली होती. गर्दीच्या वेळी पाच दारांचा उपयोग झाला, यात शंका नाही. पण फलाटावर दरवाजे बसवायची वेळ आली तेव्हा तीच पाच दारं अडचण ठरली, कारण एकाच फलाटावर कधी तीन दारांचा डबा येई, कधी पाच दारांचा. याच रुळांवर थेट येणाऱ्या तोबु कंपनीच्या गाड्यांचीही तीच गत होती. दोन्ही कंपन्यांनी मिळून २० मीटर लांबीच्या, चार दारांच्या डब्यांवर एकमत केलं आणि २०१७ ते २०२० दरम्यान १३००० मालिकेने ०३ मालिका पार हटवली. १९९४ मध्ये बांधलेले तिचे डबे तेव्हा सव्वीस वर्षांचेही नव्हते. कुमामोतो, होकुरिकु आणि नागानोच्या छोट्या रेल्वेंनी ते हातोहात उचलले. नागानोत तर गंमतच झाली. टोक्योत ज्या ०३ मालिकेने ३००० मालिकेला घालवलं, तिनेच तीसेक वर्षांनी नागानोतही तिची जागा घेतली.

या तुलनेत चियोदा लाइनची ६००० मालिका का तगली, याचं उत्तर तिच्या मूळ रचनेत सापडतं. डबा २० मीटरचा आणि चार दारांचा, म्हणजे पुढे जे सर्वसाधारण माप ठरलं तेच तिचं माप पहिल्यापासून होतं. तिच्या तोंडाची ठेवणही अशीच दूरचा विचार करून केलेली होती. समोरून पाहिलं की ती दोन्ही बाजूंना सारखी दिसत नाही: चालकासमोर मोठी काच, आणि आपत्कालीन दार मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवलेलं. बोगदा इतका अरुंद की अपघात झाला तर बाजूच्या दारांनी उतरायला जागा नाही. प्रवाशांना गाडीच्या टोकातूनच बाहेर काढावं लागतं. म्हणून या दाराच्या बिजागऱ्या खालच्या कडेला होत्या. खिटी काढली की दार बाहेरच्या बाजूला आडवं पडे आणि त्याच्या आतल्या अंगाला बसवलेल्या पायऱ्या रुळांपर्यंत पोचत. दार बाजूला गेल्यामुळे चालकाला रुंद कॅब मिळाली, आणि अडचणीच्या वेळी शिडी शोधत बसायची गरज उरली नाही. पुढे चॉपरचं तंत्र जुनं झालं, त्याचे अर्धसंवाहक भाग मिळेनासे होऊ लागले, तेव्हा काही गाड्यांतून तो काढून व्हीव्हीव्हीएफ इन्व्हर्टर (विजेचा दाब आणि वारंवारता दोन्ही बदलणारी यंत्रणा) आणि नव्या मोटरी बसवण्यात आल्या. सांगाडा तोच राहिला, आतली यंत्रणा नवी झाली. तरीही २०१० पासून १६००० मालिका आलीच. तिच्या कायमचुंबकी मोटरी वीज कमी खातात, बंदिस्त असल्याने आवाज कमी करतात. एका मार्गावर चॉपर, इन्व्हर्टर आणि कायमचुंबक अशा तीन पिढ्यांचे सुटे भाग ठेवणं, तीन तऱ्हांची दुरुस्ती कारागिरांना शिकवणं हा खर्च गाडीच्या वयापेक्षा जाचक असतो, आणि निर्णय तिथेच होतो.

कुणी म्हणेल, हा सगळा युक्तिवाद श्रीमंत शहराच्या उधळपट्टीला दिलेलं गोंडस नाव आहे. चालणारी गाडी काढून टाकायची आणि भोवतालाकडे बोट दाखवायचं! या आक्षेपात वजन आहे. ०३ मालिकेला पाच दारं देताना वीस वर्षांपुढचा फलाट कुणी डोळ्यांसमोर आणला असता, तर ती एवढ्या लवकर गेली नसती. तो दूरदृष्टीचा अभावच होता. जपानमध्येच या प्रश्नावर दुसरं टोकही गाठलं गेलं. ईस्ट जपान रेल्वेने १९९३ मध्ये केइहिन-तोहोकु मार्गावर आणलेली २०९ मालिका निम्मं वजन, निम्मी किंमत आणि निम्मं आयुष्य हे सूत्र धरूनच बांधली होती. तंत्र झपाट्याने बदलणारच आहे, तर चाळीस वर्षं टिकेल असा महागडा डबा बांधायचा कशाला, असा त्यामागचा विचार. २०१० च्या जानेवारीत त्या मार्गावरून ती ठरल्याप्रमाणे गेली. पण तिच्यातल्या बऱ्याच गाड्या भंगारात गेल्या नाहीत. यंत्रणा बदलून त्या चिबाकडच्या बोसो मार्गांवर धावू लागल्या. मुद्दाम अल्पायुषी म्हणून बांधलेली गाडीसुद्धा योग्य जागा मिळाली की ठरलेल्या आयुष्यापेक्षा जास्त जगते. उधळपट्टी टाळण्याचा उपाय धातू आणखी जाड करण्यात नाही, हेच यातून दिसतं. मापं एकसारखी ठेवणं, दारांच्या जागा सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवणं, यंत्रणा बदलता येईल अशी खालची बांधणी करणं, या गोष्टींनी जास्त वर्षं हाती लागतात.

जकार्ताचं उदाहरण या मुद्द्याची सगळ्यांत कसून परीक्षा घेतं. डच राजवटीत १९२५ मध्ये तिथे विजेच्या गाड्या सुरू झाल्या त्या १०६७ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर आणि १५०० व्होल्टच्या तारेखाली. पाऊण शतकानंतर हाच जुना निर्णय उपयोगी पडला. २००० साली टोक्यो महानगर सरकारने मिता लाइनचे ते ७२ डबे इंडोनेशियाला दिले. पुढे टोक्यो मेट्रोच्या इतर मालिका आल्या आणि २०११ पासून चियोदा लाइनच्या ६००० मालिकेचे डबेही येऊ लागले. चियोदा लाइनवर तिचे शेजारी असलेले २०३ मालिकेचे डबेही तिथे पोचले. बोगदा नाही म्हणून उष्णतेचा प्रश्न नाही. एसी आधीच बसवलेला. दारं फलाटाशी जुळवायची गरज नाही. दहा डब्यांच्या गाडीतले दोन काढून आठ डब्यांची गाडी केली. समोरच्या काचेवर दगडांपासून बचावासाठी जाळी आणि खाली अडथळे बाजूला सारणारी मजबूत पट्टी अशी भर घातली. यावर असं म्हटलं जातं की श्रीमंत देशाने आपला कचरा गरीब देशाच्या गळ्यात मारला. माणसांच्या बाजूने पाहिलं तर हे पटत नाही. जुलै २०१३ मध्ये जकार्ताच्या उपनगरी मार्गांवरून शेवटच्या बिनएसी गाड्या बंद झाल्या, आणि २०१८-१९ च्या सुमारास या मार्गांवर वर्षाला ३३ कोटींच्या आसपास प्रवास होऊ लागले. एवढ्या नव्या गाड्या तेवढ्या थोड्या वर्षांत विकत घेणं त्या रेल्वेला शक्य नव्हतं. दुसऱ्या हाताची गाडी घेणं ही लाचारी नसते. ती घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात, एवढंच. ब्यूनस आयर्सचा अनुभव हेच सांगतो. तिथल्या बी लाइनवर टोक्योच्या मारुनोउची लाइनचे १३१ लाल डबे १९९० च्या दशकात आले आणि दीर्घकाळ धावले, कारण तिसऱ्या रुळावरचा ६०० व्होल्टचा दाब आणि १४३५ मिलिमीटरचं अंतर दोन्हीकडे सारखं होतं. त्याच मार्गासाठी नंतर माद्रिदहून घेतलेल्या डब्यांसाठी वर तार टाकावी लागली, आणि त्यांच्यातल्या एका मालिकेत ॲस्बेस्टॉस असल्याचं २०१८ मध्ये उघड झालं. ॲस्बेस्टॉसचा प्रश्न मात्र खराखुरा, धातूइतकाच ठोस आहे. भोवताल कितीही जुळला तरी असा डबा चालवू नये. मारुनोउचीच्या त्या लाल डब्यांपैकी चार २०१६ मध्ये टोक्योला परत आणले गेले. जुनी यंत्रणा खोलून नव्या तंत्रज्ञांना शिकवण्यासाठीही त्यांचा उपयोग होतो.

जकार्तात हे चक्र थांबलं तेही डब्यांच्या थकव्याने नाही. २०२३ मध्ये तिथल्या रेल्वेने जपानकडून आणखी वापरलेल्या गाड्या मागवायचं ठरवलं, तेव्हा देशी कारखान्याला काम मिळालं पाहिजे म्हणून उद्योग मंत्रालयाने विरोध केला. सरकारी लेखापरीक्षणानेही आयातीची शिफारस केली नाही आणि आयात नाकारली गेली. इन्का या देशी कारखान्याकडून नव्या गाड्या, आणि त्या तयार होईपर्यंतची तूट भरायला चीनच्या सीआरआरसीकडून काही गाड्या, असं ठरलं. चिनी गाड्या २०२५ मध्ये तिथे पोचल्या. देशात कारखाना उभा राहावा ही अपेक्षा रास्तच आहे. पण हा निर्णय लांबत गेला त्या वर्षांत गर्दीचा भार वाहिला तो तिथल्या कारशेडमध्ये रोज तपासून बाहेर काढल्या जाणाऱ्या टोक्योच्या जुन्या गाड्यांनी. नव्या गाड्याही त्याच १०६७ मिलिमीटरच्या रुळांवर आणि त्याच १५०० व्होल्टच्या तारेखाली चालतात. त्यामुळे जुन्यांना एका रात्रीत हटवण्याची सक्ती तिथे नाही. एकेक गाडी बाजूला काढून तिचे भाग उरलेल्यांना लावत जाता येतात.